साठ लिटर

"चेची, टाकी केवढी?"
मोइदूने माशांआधी हेच विचारलं,
शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत,
दुकानभर पंपांची बुडबुड चालू असताना.
साठ लिटर, मी म्हटलं.
तो हसला नाही. कानावरची पेन्सिल काढून
बिलाच्या पाठीवर हिशेब मांडू लागला.

मी मालवणची.
मासे निवडायला मला कुणी शिकवू नये.
कल्ला उचलायचा, डोळा बघायचा,
पोट दाबून पाहायचं, घासाघीस करायची.
इथे मात्र निवडायचं होतं
कोण कोणाला खात नाही ते.

गोल्डफिश नको, घाण फार, आणि त्याला थंडावा लागतो.
एंजल लहानपणी सोज्वळ,
वाढला की एकेक निऑन गट्ट.
टायगर बार्बला दुसऱ्याची लांब शेपूट बघवत नाही.
फायटरला गप्पी दिसला तरी
आपलाच भाऊबंद आला वाटतं, आणि भाऊबंदकी सुरू.
"निऑन घ्या. पण दोन नको, आठ."
आठ कशाला?
"दोघंच असले की घाबरून फिके पडतात."

शाल्मलीला गुलाबी किल्ला हवा होता.
हवाच होता.
मोइदू म्हणाला, जुना नायलॉनचा मोजा ओढून बघा त्याच्यावरून,
मोजा अडकला तर कल्लाही फाटेल, पंखही.
मी तिथेच स्टुलावर बसून ऑफिसचा मोजा काढला.
बुरूज पार झाले, दरवाजा पार झाला,
झेंड्याला धागा लागला.
घरी येऊन नखांच्या कानशीने
आम्ही किल्ल्याचा झेंडा घासून टाकला.

खोरफक्कानच्या वाळूतून वेचलेले शिंपले
पिशवीभर नेले होते मी, तळाशी मांडायला.
"नको. विरघळतात हळूहळू, पाणी जड होतं.
गोड्या पाण्यात समुद्राचं काही नको."
मी मान डोलावली.
पण इथल्या नळाला येतं ते काय, मोइदू?
मीठ काढून घेतलेला समुद्रच की.
तोही कोळिकोडचा. त्याला हे ठाऊक असणार.
दोघांनीही विषय वाढवला नाही.

ऑगस्टात थंड नळाला चटका देणारं पाणी,
गच्चीवरच्या टाकीत दिवसभर उकळलेलं.
थंड हवं तर बंद गीझरचं घ्यायचं.
तशा चार बादल्या दोन दिवस हॉलमध्ये उभ्या,
क्लोरीन उडून जायला.
हॉल तीन बिऱ्हाडांचा.
पलीकडच्या खोलीतली मरिसेल
रात्रपाळीहून येते, बूट हातात घेऊन
बादल्यांना वळसा घालते.
मेहताकाकूंनी एकीवर ताट झाकलं, न सांगता.
फ्रिजवर स्वयंपाकघराचं वेळापत्रक चिकटवलेलं आहे:
सहा ते सात आम्ही,
आणि बांगडा असेल तर आदल्या दिवशी कळवणे.

मग तीन आठवडे टाकी रिकामी.
पंप चालू, दिवा चालू, वाळूवर किल्ला,
आणि आत कोणी नाही.
शाल्मली चिडली. कुणासाठी चाललंय हे?
पाणी मुरतंय, मी म्हटलं,
लोणच्यासारखं.
तिला पटलं नाही. मलाही फारसं नाही.
तिचा बाबा जेबेल अलीहून दहाला येई,
डबा सिंकमध्ये ठेवे,
आणि उभ्यानेच त्या निर्मनुष्य पाण्याकडे बघत राही.

शेवटी आठ निऑन आले. चार कोरी,
मिशा असलेले, तळ हुंगत फिरणारे.
पहिल्या रात्री शाल्मलीची किंकाळी:
आई, रंग गेला! मेले!
खरंच, अंधारात आठही पांढुरके,
निळी रेघ कुणीतरी पुसून घेतल्यासारखी.
मी फोन लावला. मोइदू झोपेतच म्हणाला,
रात्री उतरवून ठेवतात ते, चेची.

पहाटे पाचला पाणी प्यायला उठले
तर हॉलमध्ये मरिसेल.
गणवेशातच, जमिनीवर, टाकीसमोर.
दिवा लावू का, मी खुणेने विचारलं.
तिने हात वर केला, थांब.
मीही बसले.
किल्ल्यातून एक कोरी बाहेर आला,
आमच्याकडे बघून परत आत गेला.
तिकडे मेहताकाकूंच्या चहाची वेळ झाली होती,
भांडं वाजलं.